मामा समोर होते

सुनेचा रिपोर्ट चांगला आला म्हणून रखमाजीनं कुंभार पिंपळगावातल्या अर्ध्या आळीला पेढे वाटले. त्याच्या बायकोच्या, गोजरबाईच्या घशाखाली मात्र पेढा उतरेना. सुनेच्या, म्हणजे मीनाच्या, पाठीला तेल लावताना तिच्या काखेजवळ, छातीच्या कडेला, हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली होती. म्हणून तर तिला जालन्याला तपासायला धाडलं. काल पुन्हा चाचपून पाहिलं, तर गाठ जिथल्या तिथं.

"गाठीचं सांगितलंस का गं तिथं?" गोजरबाईनं सुनेला विचारलं.

मीनानं मान खाली घातली. "न्हाई, आत्याबाई. फारम भरताना 'काई तरास हाय का' म्हणून इचारलं. मामा समोर होते. मी न्हाई म्हणलं."

घ्या! हरिओमला, म्हणजे मीनाच्या नवऱ्याला, रजा मिळाली नाही म्हणून सासरा सोबत गेला. आणि सासऱ्यासमोर छातीचं नाव कसं घ्यायचं म्हणून या शहाण्या पोरीनं आजारच पदराखाली झाकला. गोजरबाईला भयंकर राग आला, पण काढायचा कुणावर? ही लाज सुनेला शिकवली कुणी? तिनंच की! पोरीला जवळ घेऊन ती ढसाढसा रडली, मग डोळे पुसून नवऱ्याला सगळं सांगितलं.

"पण मशीनमधी काई निघालं न्हाई," रखमाजी चाचरत म्हणाला. "पेढे वाटलेत मी."

"मंग जाऊन परत मागून आणा. उद्या पयल्या बसनं जालना."

दवाखान्याच्या खिडकीतल्या कारकुनानं कागद पाहिला. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मावशी. आता पुढच्या वर्षी या."

"वरीसभर थांबायचं न्हाई. अजून तपासा."

"कशासाठी? इथं तर 'तक्रार नाही' असं लिहिलंय."

मागं बाप्यांची रांग. मीनानं ओठ आवळले. आठवडी बाजारात भल्याभल्यांची बोलती बंद करणारी गोजरबाई, तिचीही जीभ टाळूला चिकटली. तेवढ्यात बाकावरून रखमाजी उठला. कानाच्या पाळ्या लाललाल झाल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता.

"सुनेच्या छातीत गाठ हाय. मागल्या टायमाला मी समोर होतो, म्हणून तिला बोलता आलं न्हाई. ते खोडा आन् बराबर लिहा."

कारकुनानं 'तक्रार नाही' खोडलं. चाळीस वर्षांच्या संसारात गोजरबाईला नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

डॉक्टर संध्याताईंनी हातानं गाठ तपासली आणि लगेच सोनोग्राफी केली. तिथं ती दिसली. "काही बायकांची छाती आतून दाट असते, मग मॅमोग्राफीत, म्हणजे मागच्या वेळच्या मशीनमध्ये, गाठ झाकून जाते," त्या म्हणाल्या. "हाताला गाठ लागत असेल तर सोनोग्राफी हवीच. आता सुईची तपासणी करू. गाठ लहान आहे. काहीही निघालं, तरी तुम्ही लवकर आलात."

मीना बाहेर आली. रखमाजी सवयीनं तोंड फिरवून दूर सरकायला लागला. ती त्याच्यासमोरच जाऊन उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "मला लई भ्या वाटून राह्यलंय."

रखमाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मलाबी, माय," तो म्हणाला. "पण तू बोलत राहा."