ड्रॅगनची बाजू

तंजावूरच्या मराठी मंडळात दरवर्षी एक वादसभा होते, आणि दरवर्षी तिचा विषय 'एकत्र कुटुंब हवं की नको' हाच असतो. या वर्षी तरुण मुलींनी बंड केलं. त्यांनी विषय म्हणून एक जाडजूड इंग्रजी कादंबरीच पुढे केली. तिच्यात मिरेल नावाची वैदू मुलगी आहे आणि ओर्विक नावाचा ड्रॅगन. थंडी पडली की ओर्विकमधली आग मंदावते आणि तो माणूस होतो. देखणा, अबोल, खांद्यावर जुनी जखम असलेला. उन्हाळा आला की पुन्हा पंख.

मंडळाचे चिटणीस सीतारामराव हे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी वक्ते म्हणून एक जोडपंच निवडलं, सुप्रभा आणि तिचा नवरा वरुणराव. नवरा-बायकोचं भांडण ऐकायला हॉल भरतो, असा त्यांचा अनुभव होता.

सुप्रभा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि या पुस्तकावर तिचा जीव होता. वरुणराव कालवा खात्यात इंजिनिअर. तो त्या पुस्तकाला 'पालीची प्रेमकथा' म्हणायचा, तेही न वाचता. सीतारामरावांनी चिठ्ठ्या काढल्या. गुण सांगायचे आले वरुणरावाकडे, दोष सुप्रभाकडे.

"बदलून द्या सर," वरुणराव म्हणाला.

"चिठ्ठी ती चिठ्ठी," सीतारामराव म्हणाले. "वाच आता."

मग त्याने तमिळ पेपराचं वेष्टण घालून पुस्तक ऑफिसात नेलं. पहिल्या दिवशी तो जीपमध्ये बसून हसला. दुसऱ्या दिवशी हसला नाही. आठवड्याच्या शेवटी कालव्याच्या दरवाजापाशी माणूस विचारायला आला, "सार, पाणी सोडायचं का?" तर वरुणराव मान वर न करता म्हणाला, "थांब. ती गुहेत एकटी आहे." माणूस बिचारा गुहा शोधत बांधावरून चार पावलं गेला.

घरी सुप्रभाची वेगळीच तऱ्हा झाली होती. दोष शोधायचे म्हणून ती पेन्सिल घेऊन बसली आणि तिला ते सापडायला लागले, धान्यातल्या खड्यांसारखे, एकामागून एक. तिला आधी राग आला, मग मजा वाटायला लागली. रात्री जेवताना दोघं एकमेकांकडे बघायची आणि काही न सांगता हसायची.

सभेला राजवाड्याजवळचा हॉल गच्च भरला. सुप्रभा आधी बोलली.

"एवढ्या वजनाचा प्राणी एवढ्याशा पंखांवर उडत नाही, हे मी सोडून देते," ती म्हणाली. "पण साऱ्या पुस्तकात तो एकदाही जेवत नाही. गावात एक बकरी कमी झालेली नाही. नायिका रडते आणि जखम बरी होते. मग वैदू व्हायला ती इतकी वर्षं शिकली कशाला? आणि सगळ्यात मोठा दोष. तिला वाटतं, याचं आपल्यावर मन नाही. त्याला वाटतं, ही आपल्याला भिते. पानंच्या पानं दोघं कुढतात. एकाने एक साधा प्रश्न विचारला असता, तर पुस्तक अर्ध्यात संपलं असतं."

टाळ्या पडल्या. वरुणराव उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"जेवतो की," तो म्हणाला. "नवव्या प्रकरणात हरणं आहेत. तू घाईत वाचलंस." हॉल हसला, पण तो थांबला नाही. "लिहिणारीला थंडी माहीत आहे. दात वाजतात वाचताना, आपल्या तंजावूरच्या उकाड्यात. तो पहिल्यांदा माणूस होतो तेव्हा त्याला बटणं लावता येत नाहीत, आणि ती लावून देते. एवढंच. मी ते पान तीनदा वाचलं. चौदाव्या प्रकरणाबद्दल मात्र मी इथं बोलणार नाही."

"काय आहे चौदाव्यात?" पुढच्या रांगेतून धनलक्ष्मी मामींनी विचारलं.

"हवामानाचं वर्णन आहे, मामी."

मागच्या बाकांवरच्या मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या.

"आणि प्रश्न विचारायचं म्हणशील," तो आता थेट सुप्रभाकडे वळून म्हणाला, "तर विचारायला वेळ लागतो माणसाला. ड्रॅगनला लागणार नाही का?"

यावर सुप्रभा काहीतरी बोलणार होती, पण तिला हसू आवरेना. निकाल लागलाच नाही. अर्धा हॉल ड्रॅगनच्या बाजूने, अर्धा वैदूच्या, आणि मामी पुस्तकाची प्रत हातात घेऊन चौदावं प्रकरण कुठे आहे ते शेजारणीला विचारत होत्या.

घरी जाताना स्कूटरवर मागे बसून सुप्रभा म्हणाली, "एक विचारू? तुम्ही मला बघायला आलात, तेव्हा तासभर बसलात आणि एक शब्द बोलला नाहीत. का?"

"तुझ्या आईने पोरिविळंगा लाडू दिला होता."

"मग?"

"ते लाडू दगडासारखे असतात. मी फोडायचा प्रयत्न करत होतो. सगळ्यांसमोर थुंकताही येईना."

"मला वाटलं, मी पसंत नाही. रात्रभर झोपले नव्हते मी."

"पसंत होतीस म्हणून तर दुसरा घेतला," वरुणराव म्हणाला. "लाडू संपला असता, तर उठावं लागलं असतं."

सुप्रभा इतकी हसली की स्कूटर डुलायला लागली. त्याने ती एका बंद दुकानासमोर उभी केली आणि तोही हसू लागला. बराच वेळ दोघांना पुढे निघता येईना. शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्याने वेग कमी करून तमिळमध्ये विचारलं, गाडी बिघडली का. वरुणरावाने मान हलवली, होय की नाही ते त्याचं त्यालाच कळलं नाही, आणि सुप्रभाने त्याच्या शर्टाला डोळे पुसले.