श्वास रोखणारी चिप

किल्ली सापडली तर बाईंच्या पदरात काय पडणार होतं? अहवालावरची पहिली सही. बावीस वर्षं त्या दुसरी सही करत आल्या होत्या. पहिली साहेबांची, कशालाही हात न लावता. या वेळी मात्र साहेब वैतागून बोलून गेले होते, "जो फोडेल, त्याची पहिली सही!"

चिपच्या पोटात लपवलेली गुप्त आकड्यांची किल्ली बाहेर काढून दाखवायची, हे बाईंचं काम. निघाली, तर चिप नापास. चिप कुणाची, हे प्रयोगशाळेत कुणालाच सांगत नसत, नुसता क्रमांक. ही चिप तीन आठवडे सगळ्यांना पुरून उरली होती. झाकण उघडायला जावं, तर चिप स्वतःच किल्ली पुसून मोकळी! म्हणून बाई झाकणाच्या वाटेला गेल्याच नाहीत. चिप किती वीज खाते, तेवढंच पडद्यावर बघत बसल्या. तिथेही तिचा मुद्दाम केलेला गोंगाट. सगळ्या वेड्यावाकड्या रेघा.

आणि बाई खुर्चीतून ताडकन उठल्या. "अरे, ही गप्प होते!"

"कोण?" शेजारचा तंत्रज्ञ दचकला.

"चिप! किल्लीला हात घालायच्या आधी क्षणभर चिडीचूप. बघ, पुन्हा!"

त्या शांततेनंतरच्या हजारो रेघा त्यांनी एकावर एक रचल्या. सोळा आकड्यांची किल्ली. दुपारपर्यंत पंधरा हाती लागले.

"बाई, नाचताय काय!"

"नाचू दे रे, बावीस वर्षांचं साठलंय!"

आणि त्या नाचता नाचता थांबल्या. लपाछपीत त्यांचा धाकटा भाऊ असंच करायचा. एरवी तोंडाची टकळी चालू; ताई जवळ आली की दाराआड श्वास रोखायचा, आणि त्या शांततेनेच सापडायचा. आता तोही चिप घडवायचा. रविवारच्या नेहमीच्या फोनवर म्हणाला होता, "ताई, माझी चिप तपासणीला गेलीय. पास झाली की विभाग माझा. तिची किल्ली कुणाच्या बापाला सापडायची नाही!"

"एकच राहिलाय, बाई. थांबलात का?"

"ही बसणार कशात रे?"

"छातीतल्या यंत्रात. हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या. किल्ली चोराला मिळाली, तर ठोके त्याच्या हातात."

बाईंनी चष्मा पुसला. "काढ सोळावा."

रविवारी फोन आला. "ताई, पहिली सही तुझी?"

"तू श्वास रोखलास, बाळा."

पलीकडे चिडीचूप. मग फोन ठेवल्याचा आवाज.

साहेबांची एक सही गेली, भावाचा विभाग गेला, बाईंचा रविवार गेला. कुठल्याशा अनोळखी छातीचं मात्र काहीच गेलं नाही.