काट्यावर बोलायचं नाही

राकेश पगारेचा उजवा पाय रागाच्या भरात आपोआप वर यायचा. वीस वर्षांपूर्वी तो किकबॉक्सिंगमध्ये राज्यात दुसरा आला होता. पदक कपाटात गेलं, पायाची सवय तेवढी राहिली. चैतालीने म्हणूनच बादल्या, कुंड्या आणि पाहुणे नवऱ्याच्या उजव्या बाजूला ठेवणं सोडून दिलं होतं.

अंबडच्या कारखान्यातली पाळी संपली की हा गृहस्थ सनी आणि रवी या दोन्ही पोरांना गच्चीवर नेऊन बॉक्सिंग शिकवी. बॉक्सिंगमध्ये लाथ चालत नाही हे स्वतःच बजावी आणि पाचव्या मिनिटाला "घाल लाथ!" म्हणून ओरडे. गल्ली हसून घ्यायची. पण आता थोरल्या सनीची पहिली व्यावसायिक लढत ठरली, तीही नाशकातच, तेव्हा हसणारे तिकिटं मागू लागले. अट एकच होती. आदल्या दिवशी वजनाला सनी साडेत्रेपन्न किलोच्या वर जाता कामा नये.

जिमच्या काट्यावर राकेशचा विश्वास नव्हता. घरच्या काट्यावर तर मुळीच नव्हता, कारण त्यावर तो स्वतः ऐंशी भरायचा. विश्वास होता लासलगावच्या रंगनाथवर, म्हणजे त्याच्या कांद्याच्या व्यापारी मित्रावर. "जिथे अख्ख्या देशाचा कांदा तोलतात, तिथेच माझं पोर तोलणार," असं म्हणत तो दर रविवारी दोन्ही पोरांना मोटारसायकलवर कोंबून लासलगाव गाठी. रविवारी लिलाव बंद, रंगनाथ घरी झोपलेला, गोदामाची किल्ली खिडकीत. सनीने चड्डीवर काट्यावर उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही, हा कडक नियम. बोलण्याने आकडा हलतो, असं राकेशचं शास्त्र होतं.

दीड महिना सनीने मिसळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटच्या रविवारी आकडा आला त्रेपन्न चारशे. राकेशने काट्याच्या पाठीवर थाप मारली.

आणि आज सकाळी पाथर्डी फाट्याजवळच्या हॉटेलात, सगळ्यांसमोर, स्पर्धेच्या काट्यावर आकडा आला चोपन्न नऊशे.

"दोन तास देतो," पंच म्हणाले. "नाहीतर लढत रद्द."

राकेशचा उजवा पाय वर आला आणि प्लास्टिकची एक खुर्ची आडवी झाली. "कोणी खायला घातलं याला?"

"मी," चैताली म्हणाली. "मंगळवारी अर्धा लाडू दिला. त्याचं तोंड बघवत नव्हतं."

"मी पण," धाकटा रवी म्हणाला. "वडापावातला वडा दिला. पाव मीच खाल्ला."

"पण वड्या-लाडवाने दीड किलो वाढतं होय?" चैताली उसळली. "आधी त्या रंगनाथभाऊंना फोन लावा."

राकेश फोन घेऊन दाराबाहेर गेला. रंगनाथ पलीकडून पोटभर हसला. "अरे राक्या, तो काटा क्रेटसाठी लावेल हाय! क्रेटात भरून कांदा मोजतो ना आम्ही. क्रेटाचं दीड किलो आधीच वजा व्हतं त्याच्यात. रिकामा असला का उणे दीड दाखवतो. बघितलं नाय का तू कधी?"

बघितलं होतं. रिकाम्या काट्याने काय दाखवायचं ते दाखवावं, असं त्याला वाटलं होतं. आकड्याआधीची ती आडवी रेघ तर त्याने काचेवरचा ओरखडा समजून दोनदा अंगठ्याने पुसली होती.

तो आत आला आणि फोन खिशात टाकला. त्याने सनीला दोन स्वेटर आणि वर रेनकोट चढवून जवळच्या त्रिरश्मी लेणीच्या पायऱ्यांवर नेलं. स्वतःही रेनकोट घालून मागे पळू लागला. सहलीला आलेली शाळेची पोरं आभाळाकडे पाहत होती. कडक ऊन होतं.

तिसऱ्या फेरीला राकेश मटकन पायरीवर बसला. "सनी, थांब. चूक आईची नाही. लाडवाची नाही. तो काटा क्रेट वजा करून दाखवत होता. मीच गाढव."

"माहीत होतं," सनी धापा टाकत म्हणाला.

"काय?"

"उणे दीड. पहिल्याच रविवारी दिसलं. सांगायला गेलो, तर तुम्ही म्हणालात, काट्यावर बोलायचं नाही."

"मग उतरल्यावर सांगायचंस ना!"

"उतरल्यावर तुम्ही इतके खूश असायचात पप्पा. मला वाटलं, तुम्ही धरलं असेल हिशोबात."

राकेशला फार लाज वाटली. एवढ्या पायऱ्या चढून आला नव्हता तेवढा घाम त्याला त्या एका वाक्याने फुटला. उजवा पाय जागचा हलला नाही. "चल," तो एवढंच म्हणाला आणि कठडा धरून उठला.

दोन तास संपायला चार मिनिटं असताना सनी पुन्हा काट्यावर चढला. आकडा त्रेपन्न सहाशेवर रेंगाळला, मग त्रेपन्न पाचशेवर थांबला. पंचांनी मान हलवली. चैतालीने डोळ्यांना पदर लावला. सनीने काही बोलायला तोंड उघडलं आणि बापाकडे पाहून पटकन मिटलं.

राकेशने ते पाहिलं. "बोल," तो म्हणाला.

"काट्यावर?"

"काट्यावरच बोल."

"पप्पा, उद्या कोपऱ्यातून लाथ घाल म्हणून ओरडू नका. तुम्ही सांगितलं तर मी खरंच घालीन."