कंपनीचा रंग

गल्लीत सगळे त्यांना चकचकीत काका म्हणत, आणि काकांना तो आपला सन्मान वाटे. काकांचा जीव गाडीत होता. खरं सांगायचं तर गाडीतही नव्हता, गाडीच्या रंगात होता. इंजिनाचं काय ते मेकॅनिक बघून घेई, पण त्या गडद निळ्या रंगाला दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. रोज सकाळी आधी साधं पाणी, मग साबणाचं पाणी, मग मऊ फडकं. तेही सरळ फिरवायचं, गोल फिरवलं की बारीक ओरखडे पडतात म्हणे. झाडाखाली गाडी लावायची नाही, पक्षी घाण करतात. उन्हात लावायची नाही, रंग उडतो. आता झाड नको आणि ऊनही नको म्हटल्यावर गाडी बहुतेक वेळ घरीच असे, आणि नवरा-बायको बसने जात.

कधीमधी गाडी निघालीच तर काकू शेजारच्या सीटवर. त्यांनी दाराला हात लावायची खोटी, काका ओरडत, "दार हळू!" इतक्या वर्षांच्या संसारात "दमलीस का गं" हे काकूंनी जितक्या वेळा ऐकलं नसेल, तितक्या वेळा "दार हळू" ऐकलं होतं.

पाहुणे आले की काका त्यांना चहाच्या आधी गाडी दाखवत, आणि गाडीत नेमकं तेच शेजारच्या सीटचं दार. "बघा, कसा खोल रंग आहे. हा कंपनीचा रंग! माणसाच्या हाताला हे जमणं नाही." त्या वेळी काकूंना हमखास गॅसवर काहीतरी उतू जात असल्याची आठवण होई.

कारण ते दार माणसाच्याच हातचं होतं. गाडी घेतली त्याच वर्षी काका ऑफिसच्या ट्रेनिंगला परगावी गेले होते. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या काकूंच्या ताईच्या पोटात भरदुपारी अशा कळा आल्या, की ती जमिनीवर लोळायला लागली. टॅक्सी मिळेना. लग्नाआधी काकू वडिलांच्या टेम्पोवर गाडी शिकल्या होत्या. नवऱ्याला त्यांनी ते सांगितलंही होतं, तेव्हा तो पोट धरून हसला होता. त्या दुपारी त्यांनी कपाटातून किल्ली काढली, ताईला मागे निजवलं आणि हॉस्पिटल गाठलं. ताई वाचली. त्या आनंदात परत येताना काकूंनी फाटकात गाडी वळवली, ती जरा लवकरच वळवली. फाटकाचा खांब दार चेपून गेला.

कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याने पत्रा ठोकला, पुट्टी भरली आणि असा रंग मारला की काकूंनासुद्धा जागा सापडेना. काका परत आले, गाडीत बसले, नाक वर करून म्हणाले, "अजून नवेपणाचा वास येतोय!" काकूंनी मान डोलावली.

पुढे काकांनी रंगाला जपायला अख्ख्या गाडीवर पारदर्शक फिल्म चढवायचं काढलं. साध्या पडद्याच्या कापडासाठी चार दुकानं हिंडणाऱ्या काकू एका शब्दात "लावा" म्हणाल्या. आता ते दार कायमचं फिल्मखाली गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती फिल्म यंदा पिवळी पडली. जुनी काढून नवी लावायला दुकानाचा माणूस घरी आला. गरम हवेचं यंत्र फिरवत तो सहज म्हणाला, "घाबरू नका काका. कंपनीचा रंग हलत नाही. वरून मारलेला असला, तर मात्र फिल्मबरोबर सोलून येतो."

काकूंची पाचावर धारण बसली. जी फिल्म त्यांनी हौसेने लावून घेतली, तीच आता त्यांच्या मुळावर उठली होती.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या, "पिवळी तर पिवळी. उन्हासारखी दिसते."

"तुला काय कळतंय रंगातलं?" काका म्हणाले. बॉनेट झालं, छत झालं, तीन दारं झाली. शेजारच्या सीटचं दार काकांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, गोड घास शेवटी ठेवावा तसं. त्या माणसाने कोपरा धरून ओढलं. फिल्म आली, आणि तिच्याबरोबर निळा रंगही आला. खाली उरली मातकट पुट्टी.

काका आधी पांढरे पडले, मग लाल झाले. "फसवलं! ठोकलेली गाडी नवी म्हणून गळ्यात मारली! धाकट्याच्या ओळखीचं शोरूम ना ते? सख्ख्या भावाने गळा कापला माझा!" त्यांनी फोन काढला.

हे दोघे भाऊ मागे एकदा कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. काकूंनीच दोघांच्या हातापाया पडून त्यांना बोलतं केलं होतं. आता पुन्हा तुटलं तर ते आपल्यामुळे तुटेल, आणि या वयात पुन्हा जुळायचं नाही. भावजी बिचारे देवमाणूस.

"फोन ठेवा," काकू म्हणाल्या. "भावजींचा काही दोष नाही. दार मी ठोकलंय. ताईला हॉस्पिटलात नेलं तेव्हा."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि चक्क हसले. "तू? गाडी? अगं, धाकट्याला वाचवायला काहीही सांगशील! तुला साधं दार नीट लावता येत नाही." आणि ते नंबर शोधू लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

इतकी वर्षं काकू पकडलं जाण्याला भीत होत्या. गुन्हा कबूल केला तरी कुणी खरा मानणार नाही, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना भयंकर राग आला. फोनची रिंग जायच्या आत त्यांनी काकांच्या खिशातून किल्ली काढली, गाडीत बसल्या, सीट पुढे घेतली, आरसा आपल्यापुरता वळवला आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकली.

"अगं, खांब! खांब!" काका फोन विसरून ओरडले.

"ओळखते मी त्याला," काकू खिडकीतून म्हणाल्या. गाडी खांबाच्या अंगाला न लागता सुतासारखी सरळ फाटकाबाहेर गेली आणि रस्त्यावर थांबली.

गल्ली बघत होती. फिल्मवाला यंत्र हातात धरून उभा होता. काकांच्या फोनमधून धाकट्याचा आवाज येत होता, "हॅलो, दादा? बोल ना, काय झालं?"

"काही नाही रे," काका म्हणाले. "वहिनी... म्हणजे आम्ही... येतोय तुझ्याकडे."

ते हळूहळू चालत रंग उडालेल्या दारापाशी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूने आत बसले.

काकूंनी समोर बघतच सांगितलं, "दार हळू."