दारावर आदळलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. शाळेतला नव्हे, बागेतलाही नव्हे. चेन्नईच्या एका सरकारी इस्पितळात, शवागाराच्या दारापाशी माझी जागा आहे. अपघातात किंवा अचानक दगावलेल्या माणसांना इथे आणतात. मृत्यू कशाने आला, हे डॉक्टर तपासून लिहितात. तोवर घरची माणसे माझ्यावर बसून असतात.

माझे लोखंडी पाय इथल्याच गिंडी या कारखान्यांच्या भागात घडले, फळ्या सागवानी. नवा होतो तेव्हा माझ्या पॉलिशचे कौतुक झाले. पुढे माझ्याकडे कोणाचे लक्ष जाणार? इथे येणारी माणसे पाठसुद्धा टेकत नाहीत. वाकून बसतात.

विद्युलताबाई इथल्या डॉक्टर. मूळच्या साताऱ्याच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे चेन्नईत आलेल्या. येता-जाता त्यांना शिव्या पडत. कोणी म्हणे मुडदे फाडणारी, कोणी म्हणे अवयव विकते. एकदा अंगावर चप्पलही आली. लोक दुःखात असतात, असे म्हणून वरिष्ठ विषय मिटवत. बाईही गप्प राहत.

२००६ सालचा मे महिना होता, इथे ज्याला अग्निनक्षत्र म्हणतात ते सर्वांत कडक उन्हाचे दिवस. शहरातल्याच तिरुवल्लिकेणी भागातून सईबाई आणि त्यांचा थोरला मुलगा वादिराज आले. हे तंजावरकडचे मराठी कुटुंब. धाकटा गजेंद्र गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात कामाला होता. त्याचाच देह आत आणला होता. त्याला फीट आली आणि तो पडून दगावला, असे मालकाने सांगितले होते.

पोलिसांचे कागद यायला संध्याकाळ झाली. दिवसभर या दोघांना कोणी काही सांगितले नाही. शेवटी विद्युलताबाई स्वतः बाहेर आल्या. मराठी ऐकताच सईबाईंनी त्यांचा हात धरला. दिव्याच्या उजेडात बारीक खुणा दिसत नाहीत, म्हणून सकाळी पहिले काम गजेंद्रचेच करीन, असा शब्द बाईंनी दिला.

पण तोवर गल्लीतली माणसे जमली होती. गर्दीतून कोणीतरी म्हणाले, मूत्रपिंड काढून घेतले असेल, म्हणून टाळताहेत. वादिराज उठला. त्याने बाईंना शिवी दिली, तीही मराठीत. बाई आत जाऊन दार लावू लागल्या. तेवढ्यात त्याने आणि आणखी तिघांनी मला उचलले आणि दारावर घातले.

माझा एक पाय मोडला. दारामागे बाईंचे डावे मनगट मोडले.

सकाळी वरिष्ठांनी त्यांना घरी जायला सांगितले. पण शब्द दिला होता, म्हणून त्या प्लास्टर घालून आल्या. शवविच्छेदन दुसऱ्या डॉक्टरांच्या हातांनी झाले, नजर बाईंची होती. गजेंद्रच्या तळहातावर एक लहानशी करडी, टणक खूण सापडली. ती विजेच्या धक्क्याची होती. फीट आलीच नव्हती. मालक खोटे बोलला होता.

बाईंनी बाहेर येऊन हे सांगितले, तेव्हा वादिराज जमिनीवरच बसला. काल संध्याकाळीच दिव्याच्या उजेडात तपासले असते तर काय झाले असते, हे त्याला कळले असावे. त्याने हात जोडले. पोलिसांत तक्रार करू नका, माझी नोकरी जाईल, असे तो विनवू लागला. वरिष्ठांचेही तेच म्हणणे होते.

बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाचं खरं होतं ते मी लिहिलं. माझंही खरं मलाच लिहायला हवं. मार खाणं हे माझं काम नाही."

वादिराजने आईकडे पाहिले. सईबाईंनी पदराने डोळे पुसले.

"लिही, अम्मा," त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या. "दोन्ही खरं लिही."

मालकावर खटला उभा राहिला. वादिराजलाही कोर्टाच्या फेऱ्या चुकल्या नाहीत. माझा पाय मात्र बरेच दिवस मोडकाच होता. मी भिंतीकडेला ऊन खात पडलो होतो. बाईंनी पाठपुरावा करून मला दुरुस्त करवले. तपासणी कुठवर आली, हे बाहेर येऊन सांगणारा माणूसही नेमायला लावला. आता लोक माझ्यावर जरा सैलावून बसतात.

मित्रांनो, दुःखाने हात कसा उठतो, हे मी जवळून पाहिले आहे. तुम्ही रडा, दार ठोठावा, हव्या तितक्या वेळा विचारा. पण ते दार फोडू नका. तुमचे माणूस आत एकटे नसते. त्याच्यापाशी कोणीतरी उभे असते.