खिशातली गोळी

मित्रांनो, मी एक जुना करडा कोट आहे. लोकरीचा, तीन बटणांचा. कोटाला बाह्या असतात, हात नसतात. तरीही माझ्या हातून एक गोष्ट घडून गेली आहे आणि ती मला खुंटीवर स्वस्थ लटकू देत नाही.

व्हीलिंग शहरातल्या एका शिंप्यानं मला शिवलं. हॉबर्ट टीटर यांनी लेकीच्या लग्नासाठी मला घेतलं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या डोंगरात, ओढ्याकाठी, त्यांचं किराण्याचं दुकान होतं. दुकानात ते एप्रन घालत. मी फक्त रविवारी चर्चला, लग्नाला आणि मयतीला. माझ्या आतल्या खिशात ते पेपरमिंटच्या गोळ्या ठेवत. प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरच्या पोरांकडे गुपचूप एकेक गोळी सरकवत. "देवाला सांगू नका रे," ते म्हणत, "त्यालाही हवी होईल." चर्चच्या खुंट्यांवर सगळेच कोट करडे, म्हणून त्यांची बायको ओपल हिनं माझ्या अस्तरावर निळ्या दोऱ्यानं 'हॉबर्ट' असं नाव काढलं होतं. ते लाडाचे दिवस होते.

एका संध्याकाळी दुकानात दरोडा पडला आणि हॉबर्ट यांना गोळी लागली. ती दुसऱ्या जातीची गोळी. मी तेव्हा घरी कपाटात होतो. त्यांना निळा सूट घालून पुरलं आणि मी मागे उरलो. ओपलला माझ्याकडे बघवेना. तिनं त्यांचे सगळे कपडे पोत्यात भरून चर्चला देऊन टाकले.

चर्चकडून मी रोंडा स्किडमोर या सरकारी बचाव वकिलाच्या कपाटात आलो. ज्यांच्यापाशी वकिलाला द्यायला पैसे नसतात, त्यांची बाजू ती मांडते. खटला चालला तर आरोपीनं निवाडा देणाऱ्या नागरिकांच्या ज्युरीसमोर तुरुंगाच्या नारिंगी कपड्यांत बसू नये, म्हणून तिनं दान आलेले कोट जमवले होते. पण खटले चालतात कुठे! बहुतेक जण आधीच सरकारी वकिलाशी करार करतात, गुन्हा कबूल करतात आणि कमी शिक्षा पदरात पाडून घेतात. कबुलीला कोट लागत नाही. आम्ही आपले धूळ खात पडलेलो. माझ्या अस्तरावरचं नाव तिथे कुणी वाचलंच नाही.

मग एके दिवशी रोंडा मला घेऊन तुरुंगात गेली. ऑरिन नावाचा तरुण समोर बसला होता. हॉबर्ट यांच्या दुकानावरच्या दरोड्याचाच तो खटला. आत जाऊन पिस्तूल चालवलं ते ऑरिनच्या मावसभावानं, डेलनं. ऑरिन बाहेर गाडीत होता. दरोड्यात माणूस मेला की बेतात सामील असलेल्या प्रत्येकावर खुनाचाच आरोप येतो. पण डेलनं आधी तोंड उघडलं, बेत ऑरिनचाच होता असं सांगितलं आणि अठरा वर्षांवर करार करून मोकळा झाला.

"पहिल्या पंगतीला बसतो त्याच्या पानात गरम पडतं, बाबा," रोंडा म्हणाली. "तुझ्यासाठी वीस वर्षं ठेवलीयत. नाही म्हणालास तर सोमवारी खटला."

"मॅडम, डेल सिगारेट आणायला गेलाय असंच मला वाटलं. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं."

"ज्युरीला पटलं तर सुटशील. नाही पटलं तर जन्मठेप. दयेसह किंवा दयेविना."

आमच्या राज्यात जन्मठेपेचे हे दोन प्रकार आहेत. दया म्हणजे सुटका नव्हे. पंधरा वर्षांनी सुटका मागायची मुभा, तिलाच इथे दया म्हणतात.

"लढतो," ऑरिन म्हणाला.

"मग हा घालून बघ. बाह्या आखूड होतील जरा."

ऑरिननं मला अंगावर चढवलं. त्याचं काळीज माझ्या अस्तरावर धडधडत होतं. "आजीच्या मयतीला निघाल्यासारखं वाटतंय," असं म्हणून तो हसला आणि उगीचच त्यानं आतल्या खिशात हात घातला. हातात आली पेपरमिंटची गोळी, कागद चिकटलेली. तिच्याकडे तो बघतच राहिला. मग त्यानं माझी कड उलटली, निळी अक्षरं वाचली.

"हा हॉबर्टकाकांचा कोट आहे."

"काय?" रोंडाचा चेहरा उतरला. "चर्चकडून आला रे तो. मी नाव बघितलंच नाही."

"मागच्या बाकावर बसायचो आम्ही, मी आणि डेल." गोळी मुठीत धरून तो म्हणाला, "मॅडम, मी पिस्तूल बघितलं होतं. गाडीतून उतरताना, डेलच्या कमरेला."

"ऑरिन, थांब."

"मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि मग मला कळलं असतं. मला कळायलाच नको होतं."

रोंडानं कपाळ चोळलं. "आता तुला काही माहीत नव्हतं, हे मी तुझ्या तोंडून वदवून घेऊ शकत नाही. पण गप्प बसायचा हक्क आहे तुला. पिस्तूल दिसलं म्हणजे बेतात सामील झालास असं होत नाही. अजून लढता येईल."

"त्यांच्याच कोटात उभा राहून?"

"दुसरा आणते. तपकिरी आहे एक."

"सही कुठं करायची ते सांगा," ऑरिन म्हणाला. त्यानं गोळी परत खिशात ठेवली आणि माझी नीट घडी घातली.

शिक्षेच्या दिवशी तो नारिंगी कपड्यांतच उभा होता. करार वीसचा असला तरी न्यायाधीशांवर तो बंधनकारक नव्हता. मनात आणलं तर ते चाळीसपर्यंत जाऊ शकत होते. म्हणून त्यांनी ओपलला तिचं म्हणणं विचारलं. मी रोंडाच्या हातावर होतो. मला ओपलकडे परत द्यायला तिनं आणलं होतं.

"जजसाहेब, जन्म गेला आमचा तराजू धरण्यात," ओपल म्हणाली. "ज्यानं गोळी झाडली त्याला अठरा, कारण तो आधी बोलला. हा उशिरा बोलला, पण स्वतःवर घेऊन बोलला, त्याला वीस. असल्या तराजूवर मी बटाटेसुद्धा विकले नसते. याला चाळीस देऊ नका. वीससुद्धा मला कळत नाहीत."

न्यायाधीशांनी करार पुन्हा एकदा वाचला. मग वीस म्हणाले.

बाहेरच्या ओसरीत रोंडानं मला ओपलच्या हातात दिलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. ओपलनं माझ्या खिशात हात घातला. गोळी लागताच ती रडू लागली.

"कपडे देताना मी खिसे तपासले नाहीत गं. त्यात हात घालवेना मला."

जरा वेळानं तिनं मला परत केलं. "ने. कुणाला तरी लागेल."

"आणि गोळी?"

"राहू दे तिथंच."

मित्रांनो, जुना कपडा देताना त्याचे खिसे तपासा, एवढीच माझी विनवणी. आणि विचारायचं ते वेळेवर विचारा. ऑरिननं डेलला विचारलं नाही. त्याची वीस वर्षं माझ्या खिशातून निघाली, याची टोचणी मला आहे. मी त्याच्या अंगावर चढलो नसतो तर तो कदाचित आज घरी असता. खोटा, पण घरी.

शेजारच्या खुंटीवर तपकिरी कोट असतो. तो म्हणतो, "अरे, तू एका माणसाला खरं बोलायला लावलंस. ताठ मानेनं लटक की!"

त्याला बोलायला काय! त्याचे खिसे रिकामे आहेत.