बर्फाच्या गोदामावरच्या लाल टिकल्या

बू मुरवानीला, म्हणजे मुरवानीबाईला, शेजारच्या घरात काय शिजतंय ते वासावरून कळायचं, आणि नाही कळलं तर ती सरळ आत जाऊन झाकण उचलून बघायची. समारांगच्या जुन्या वस्तीतल्या एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी तिची पेचेलची गाडी होती. उकडलेली पालेभाजी आणि वर शेंगदाण्याचं तिखट वाटण. सकाळी नऊपर्यंत भाजी संपायची आणि गल्लीभरच्या बातम्या गाडीवर जमायच्या. 'मेलीला सगळीकडे नाक खुपसायला हवं,' असं बायका मागून म्हणत, आणि काही कळेनासं झालं की पहिल्यांदा तिच्याकडेच येत.

म्हणून विद्यापीठातली किनासिह नावाची मुलगी काखेत कागदाची भलीमोठी गुंडाळी मारून आली, तेव्हा तिलाही सगळ्यांनी मुरवानीच्या गाडीवरच पाठवलं.

"बू, हा तुमच्या गल्लीचा नकाशा," किनासिह म्हणाली. "कुठं निर्धास्त वाटतं तिथं हिरवी टिकली लावायची, कुठं भीती वाटते तिथं लाल. मला बायकांकडून लावून घ्यायच्यात."

"आणि मग?"

"पुलापलीकडच्या गल्लीचं झालं ना, तसं इकडचं करायचं चाललंय."

पुलापलीकडची गल्ली! दहा वर्षांपूर्वी तिकडे सायकलरिक्षावालेसुद्धा यायला तयार नसत. आता तिथं दिवे होते, पिवळ्या निळ्या भिंती होत्या, आणि जकार्ताची पोरं चौपट भावाची कॉफी पीत स्वतःचेच फोटो काढत बसत. मुरवानी चार वेळा नुसती बघायला म्हणून जाऊन आली होती. माणसं तीच, घरं तीच. मग पूर्वीची भीती गेली कुठं? ती काय चुन्याच्या हाताखाली दबते? हे कोडं काही तिला सुटत नव्हतं, आणि न सुटलेलं कोडं तिच्या पोटात राहत नसे.

बायकांची भिशी दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी असे. पुरुष कामावर, पोरं शाळेत. त्या गुरुवारी एक्केचाळीस जणी चटयांवर बसल्या आणि मध्ये नकाशा पसरला. प्रत्येकीला तीन हिरव्या, एक लाल.

हिरव्या तर भराभर लागल्या. मशिदीपाशी, नळापाशी, मुरवानीच्या गाडीपाशी. लाल मात्र एकही लागेना. जी ती बोटावर टिकली चिकटवून बसली.

लागणार तरी कशी? नकाशावर प्रत्येक घर काढलेलं. कुणाच्या दाराशी लाल लावली तर त्या घरची बाई तिथंच समोर बसलेली. बू पार्तिनीच्या घरामागचा अंधारा बोळ सगळ्यांना नको वाटे, पण पार्तिनीनेच तर आजचा चहा केला होता. गल्लीत माणसं एकवेळ उपाशी राहतील, पण भीड मोडणार नाहीत.

"एवढ्या सुरक्षित गल्लीत दिवे कशाला, असं मला पालिकेच्या कचेरीत विचारतील हो," किनासिह रडवेली झाली.

मुरवानीला तिची कीव आली. शिवाय पिवळ्या भिंती डोळ्यांपुढे होत्याच. ती पुढं वाकली आणि नकाशाच्या पार टोकाला, नदीकाठच्या एका चौकोनावर तिने आपली लाल टिकली दाबून बसवली.

"हे बर्फाचं जुनं गोदाम. तिथं ना माणूस ना काणूस. लावा गं इथं, कुणाला वाईट वाटायचं नाही."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. दोन मिनिटांत एक्केचाळीस टिकल्या एकावर एक बसल्या. पार्तिनी तर म्हणाली, "खरंच बाई, मला तिथं कायम कसंतरीच होतं." ती त्या बाजूला कधी फिरकलीसुद्धा नव्हती.

तीन आठवड्यांनी किनासिह हसत हसत आली. गल्लीचं नाव यादीत आलं होतं. दिवे येणार, रंग येणार. आणि एवढ्या बायकांनी एकमुखाने सांगितलेली धोक्याची जागा, ते गोदाम, सगळ्यात आधी पाडून तिथं फुलझाडं आणि बाकडी येणार. येत्या गुरुवारी सगळ्यांना एकदा शेवटचा नकाशा दाखवायचा, की तो कचेरीत जाईल.

गाडीवर त्या दिवशी प्रत्येकीला वाटण थोडं जास्तच मिळालं. पण दुपारी मुरवानीला काही चैन पडेना. जन्म या गल्लीत गेला आणि गोदाम आतून कसं आहे ते तिने पाहिलंच नव्हतं. आता पाडल्यावर काय बघणार? तिने चपला घातल्या.

पुढचं दार गंजून बसलेलं. ती मागे वळसा घालून गेली. नदीच्या अंगाला एक लहान लाकडी दार होतं. दारासमोर झाडून काढलेलं. दोरीवर एक सदरा. आणि दाराच्या चौकटीला खिळ्यावर टांगलेला दुधाचा रिकामा डबा.

मुरवानी जागच्या जागी थांबली. असा डबा तिच्याही दाराला होता, गल्लीतल्या प्रत्येक दाराला होता. संध्याकाळी घरच्या बाईने त्यात चिमूटभर तांदूळ टाकायचे. रात्री पाळीवरचे जागले फिरताना ते गोळा करतात आणि कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, की ते त्या घरी जातात. सकाळी डबा रिकामा दिसला की समजायचं, गस्त झाली. या डब्याच्या तळाला तांदळाचे दोन दाणे चिकटलेले होते. पांढरे, ताजे.

"बू, पाय सांभाळा. तिथं शेवाळ आहे."

दारात तुगिमिन उभा होता. छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा. रोज गल्लीच्या तोंडाशी, तिच्या गाडीपासून वीस पावलांवर बसायचा. तिच्या गाडीवरची मोठी छत्री त्यानेच दोनदा शिवली होती. संध्याकाळी तो सामान आवरून नदीच्या दिशेने जाई, तेव्हा पुलापलीकडे बहिणीकडे जात असेल असं तिने आपलं ठरवून टाकलं होतं. सगळ्या गल्लीच्या चौकशा करणाऱ्या बाईने हे एवढं विचारलं नव्हतं. आणि का विचारलं नव्हतं, तेही तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या डाव्या हाताला, कोपरापासून मनगटापर्यंत, चुरगळलेल्या कातडीचा लांब डाग होता. तिच्या वयाच्या कुणालाही तो डाग ओळखू येई. फार वर्षांपूर्वी अंगावर गोंदलेल्या माणसांना गुंड समजून सरकारी माणसं रात्री घरातून उचलून नेत आणि सकाळी मारून कुठंतरी रस्त्याच्या कडेला टाकत. त्या वर्षी कितीतरी जणांनी गोंदण तापल्या इस्त्रीने जाळून काढलं होतं.

"तुम्ही इथं राहता, पाक?" वडीलधाऱ्या पुरुषाला लावतात ते 'पाक' लावून तिने विचारलं.

"नऊ वर्षं झाली. बर्फ बंद झाला, मालक गेले, किल्ली माझ्याकडेच राहिली." तो हसला. "पाडणार म्हणतात. एक्केचाळीस लोकांना इथं भीती वाटते म्हणे. बरीच की हो. माझ्याकडे तर कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

मुरवानीला खरं सांगायचं होतं. पण ती म्हणाली, "गाडीवरची छत्री पुन्हा उसवलीय. बघाल का जरा?" आणि मागे न बघता निघाली. वाटेत तिला स्वतःची एवढी लाज वाटली की ती दोनदा रस्ता चुकली.

ती तडक गल्लीप्रमुखाकडे गेली. त्यांना सगळे पाक एर्ते म्हणत. ते पोपटाला केळं भरवत होते.

"गोदामात माणूस राहतो, तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या जागल्यांना माहीत आहे. रोज रात्री त्याचा डबा आम्हीच तर उचलतो."

"मग बायकांना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बायका घाबरल्या असतात! त्याचा हात पाहिलायस ना?" पाक एर्तेंनी केळ्याची साल तिच्यापुढे नाचवली. "आणि तुम्ही तरी कुठं आम्हाला विचारलंत, टिकल्या कुठं लावायच्या ते? आम्ही आपले संध्याकाळी घरी आलो, तर गल्ली लाल!"

"आता?"

"आता काय! गुरुवारी तूच सांग सगळ्यांपुढं. नाही तरी तुझ्या तोंडाला कुठं कुलूप असतं?"

कुलूप नव्हतं, हे खरं. पण दुसऱ्याची गोष्ट सांगायला लागतं ते तोंड वेगळं आणि स्वतःची सांगायला लागतं ते वेगळं, हे मुरवानीला पुढच्या दोन रात्रींत नीट कळलं. तिने नाही सांगितलं तर भिंती पिवळ्या होणार होत्या, गाडीवर गर्दी होणार होती, आणि एक म्हातारा कुणाला कळायच्या आत रस्त्यावर येणार होता. विचारणारंही कुणी नव्हतं. विचारणारी तीच होती ना!

गुरुवारी ती भिशीला आली तेव्हा तिच्यामागे दोन पावलांवर तुगिमिन होता. इस्त्री केलेला सदरा, बाह्या मनगटापर्यंत बंद. चटईवरच्या बायकांनी पाय आखडून घेतले. कुणीतरी लेकराला मांडीवर ओढलं.

"हे पाक तुगिमिन," मुरवानी उभ्याउभ्याच म्हणाली. "गोदामात राहतात. मी तिथं टिकली लावली, कारण तिथं कुणी नाही असं मला वाटलं. माझं बघून तुम्ही लावलीत. भीती तिथं कुणालाच वाटत नव्हती. आपण खोटं बोललो."

"आपण?" पार्तिनी उसळली. "तूच म्हणालीस, लावा गं इथं!"

"मीच म्हणाले."

"आता दिवे गेले ना? बसा अंधारात!"

"दिवे का जातील?" किनासिह मध्ये पडली. तिचा चेहरा उतरला होता, पण तिने पिशवीतून कोरा नकाशा काढला. "लाल टिकल्या मला हव्याच आहेत. फक्त खऱ्या द्या. या वेळी कोण कुठं लावतंय ते कुणी बघायचं नाही. मीसुद्धा नाही."

नकाशा आतल्या खोलीत टेबलावर ठेवला. एकेकीने आत जायचं, दार लावायचं, बाहेर यायचं. वेळ लागला. काही जणी आत बराच वेळ थांबल्या. मुरवानीने आयुष्यात पहिल्यांदा दाराला कान लावला नाही.

"तुम्हीही जा ना, पाक," किनासिह म्हणाली. "ही तुमची लाल."

"मी इथंच सांगतो. मला कुणाची भीड नाही, मला कोण ओळखतं?" तुगिमिन उभा राहिला. "माझी लाल गोदामावरच लावा, पोरी. माझ्या दारावर."

मुरवानीला वाटलं तो टोमणा मारतोय. पण तो टिकलीकडे बघत होता.

"त्या वर्षी माझ्या दोन सोबत्यांना नेलं. दोघांच्याही दारावर आधी टकटक झाली होती. तेव्हापासून कुणी दार वाजवलं की मला अजून घाम फुटतो. म्हातारा झालो तरी." त्याने बाही थोडी खाली ओढली. "म्हणून मी तांदळाचा डबा लावला. चिमूटभर तांदळासाठी का होईना, रोज रात्री जागले येतात, 'पाक मिन, आहात ना?' म्हणून नावाने हाक मारतात आणि जातात. मग मला झोप लागते."

पार्तिनीने उठून त्याच्यापुढे चहाचा पेला ठेवला आणि साखर किती म्हणून विचारलं.

संध्याकाळी किनासिहने नवा नकाशा भिंतीला लावून दाखवला. पार्तिनीच्या घरामागच्या बोळात एकोणीस लाल. कठडा नसलेल्या नाल्याच्या काठावर बारा. बाकीच्या इथं तिथं, काही घरांच्या अगदी आत. गोदामावर एकच. तिथं राहता माणूस आहे असं किनासिहने शाईने लिहिलं होतं. पाडायचं नाही, दिवा लावायचा, असंही.

दिवा यायला अजून चार महिने लागणार होते. त्या दिवशी तिन्हीसांजेला मुरवानीने आपल्या दाराच्या डब्यात तांदूळ टाकले, पेचेलची पुडी बांधली आणि नदीकडे चालत गेली. दार बंद होतं. हात वर गेला होता, तो तिने तसाच खाली घेतला. चार पावलं मागे सरली आणि अंगणातूनच मोठ्याने ओरडली, "पाक मिन, मी मुरवानी. आहात ना?"